हात लागू शकेल असा पृष्ठभाग

प्रपत्र ‘ब’: पाडकामानंतरची शिसे-तपासणी
शाळा: उदयकिरण प्राथमिक शाळा, वाघझिरे
कारण: पाचशे मीटरच्या आत पाडकाम (बंद रंग कारखाना, अंतर १८० मीटर)
मुख्याध्यापिका: अनुपमा रणखांबे
तपासनीस: शलाका इंगवले
दोघींचे नाते: (हा रकाना रद्द)
शेरा (वीस शब्दांच्या आत):

वीस शब्द संपले तरी मी थांबणार नाही. खात्यात शेरा कुणी वाचत नाही, आकडा वाचतात. एकदा एका शाळेच्या शेऱ्यात मी कटाच्या आमटीची कृती लिहिली होती. ‘मान्य’ असा शिक्का बसून परत आली.

नात्याचा रकाना का रद्द झाला, तेही इथेच लिहिते. पूर्वी नातेवाइकाच्या शाळेची तपासणी करता येत नसे. मग ‘काजवा’ नावाचं यंत्र आलं आणि खात्याने परिपत्रक काढलं: यंत्र खोटे बोलत नाही, सबब तपासनीस कुणाचा कोण लागतो याने फरक पडत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने जन्मात कधी टॉर्च हातात धरली नसावी. टॉर्चही खोटं बोलत नाही. ती कुठे मारायची, ते धरणारा ठरवतो.

अनुपमा रणखांबे ही माझी सख्खी मोठी बहीण. बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिने घातल्या, मला पाढे तिने शिकवले, न शिकल्याबद्दल मारही तिनेच दिला. रद्द.

नमुना १. मुख्याध्यापिकेचे टेबल. वाचन: २. पास.

‘दोन!’ ताई म्हणाली. ‘बघितलंस का? दोन!’

एरवी शंभरात दोन मार्क पडलेल्या पोराच्या बापाला ती शाळेत बोलावते. आज दोन पडले म्हणून तिने शिपाई गेनूमामांना चहा सांगितला.

काजव्याचं कागदावरचं नाव ‘हस्तचलित शिसे-दर्शक’. शॅम्पूच्या बाटलीएवढं यंत्र. एका बाजूला फवारा, दुसऱ्या बाजूला जांभळा दिवा आणि त्याच्या शेजारी डोळा. फवाऱ्यात एका क्षाराचं पातळ द्रावण असतं. त्याला शिशाचा कण भेटला की तो क्षार कणाला धरून बारीकसा स्फटिक तयार करतो, आणि तो स्फटिक जांभळ्या उजेडात हिरवा चमकतो. लोखंडावर चमकत नाही, तांब्यावर नाही, मातीवर नाही. शिशावर चमकतो. कण एवढा लहान असतो की भिंगातूनही दिसत नाही, पण त्याचा उजेड दिसतो. यंत्राचा डोळा तो उजेड मोजून आकडा देतो. चाळीसपर्यंत पास. पूर्वी ओल्या कागदाने बाक पुसून तो कागद प्रयोगशाळेत पाठवायचा आणि तीन आठवडे वाट बघायची. आता पाठवला की आठ सेकंदांत आकडा खात्यात, पालकांच्या फोनवर आणि शाळेच्या गेटवरच्या पाटीवर.

काजवा आला तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं की आता कुणाला काही लपवता येणार नाही. लपवायची गरजच काय? तपासणीची तारीख शाळेला सात दिवस आधी कळवायची, असा नियम आहे. काजवा आल्यापासून शिसं कमी झालं नाही. फडकी वाढली.

नमुना २. कार्यालयाची खिडकी. वाचन: ३. पास.

इथे संस्थेचे चेअरमन दादासाहेब गुळवे आत आले. त्यांच्या मागोमाग अत्तर आलं. कारखान्याच्या पाडकामाचे ठेकेदारही दादासाहेब गुळवेच. गावात कुणाला यात वावगं वाटत नाही. कारखाना पाडायचाय, दादासाहेब आहेत. शाळा चालवायचीय, दादासाहेब आहेत. धूळ उडवणारे दादासाहेब आणि धुळीची काळजी वाहणारे दादासाहेब यांची अजून समोरासमोर गाठ पडलेली नाही, एवढंच.

‘मॅडम, आपल्याच घरच्या तुम्ही,’ ते म्हणाले. ‘निवांत होऊ द्या. पहिल्यांदा नाश्ता.’

‘पहिल्यांदा खिडक्या,’ मी म्हणाले.

‘लहानपणापासून अशीच आहे,’ ताई त्यांना म्हणाली. ती माझ्या वतीने माफी मागत होती, आणि ते मला चांगलं समजलं.

गेनूमामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. ‘शलाकाबाई, त्या नोटिशीत लिहिलंय, सर्व पृष्ठभागांची तपासणी होईल. आमचे दोन मास्तर सकाळपासून बसायला तयार नाहीत.’

ताई हसली. मीही हसले. त्या दिवसात हसलो ते तेवढंच.

नमुना ३ ते १४. वर्ग, बाक, फळे, दारांच्या कड्या, पाण्याची टाकी, जिन्याचा कठडा. वाचन: १ ते ४. पास, पास, पास.

ताई प्रत्येक आकड्याला मान हलवत होती. नऊ वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा पटावर एकतीस मुलं होती. ती घरोघर गेली, गुऱ्हाळावर गेली, वीटभट्टीवर गेली, आयांशी भांडली. आज दोनशे बारा आहेत. नापास म्हणजे चार महिने टाळं, आणि मुलं तालुक्याच्या शाळांत वाटून देणार. चार महिन्यांचं टाळं चार महिन्यांनी उघडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. शाळा ‘विलीन’ होते. साखर विरघळावी तशी शाळा विरघळते, आणि खातं तोंड गोड करून घेतं.

हे ताईला माहीत होतं. मला माहीत होतं. दादासाहेबांना तर होतंच.

नमुना १५. तिसरीच्या वर्गाची खिडकी, कारखान्याच्या बाजूची. वाचन: १. पास.

इथे मी थांबले.

त्या खिडकीतून कारखाना दिसतो. म्हणजे त्यातलं जे उरलंय ते दिसतं. त्यात शेंदरी प्रायमर व्हायचा, पुलांना आणि लोखंडी गेटांना गंज धरू नये म्हणून लावतात तो. शेंदरी रंग शिशाचाच. चाळीस वर्षं तो भिंतींत, छपरात, जमिनीत मुरला, आणि गेले तीन आठवडे दादासाहेबांची यंत्रं त्या भिंती पाडत होती. पाणी मारून पाडायच्या असतात. रस्त्याने येता-जाता मी त्या कोरड्याच पडताना पाहिल्या. ट्रकवर ताडपत्री नव्हती. एकशे ऐंशी मीटर, वारा इकडचा, आणि खिडकीच्या पट्टीवर एक. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन येतात.

शिशाबद्दल एक गोष्ट लोकांना कळत नाही. ते विषासारखं वागत नाही. उलटी नाही, ताप नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि मायेने हाडांत ठेवून घेतं. मेंदूत ते कॅल्शियमच्या जागा अडवून बसतं. पोरगं चिडकं होतं, वर्गात त्याचं लक्ष लागत नाही, हातचा घ्यायला विसरतं. मग एक दिवस मास्तर म्हणतात, हे ढ आहे. आणि ढ पोराची तपासणी करायचं कुठलंही प्रपत्र नाही.

‘ताई, खिडक्या कुणी पुसल्या?’

‘श्रमदान,’ ती म्हणाली. आवाजात केवढा अभिमान! ‘शनिवारी एकदा आणि आज सकाळी प्रार्थनेनंतर एकदा. अख्खी शाळा लागली होती. पहिलीची पिल्लंसुद्धा. तू येणार म्हटल्यावर तुझी लाज राखायला नको?’

‘माझी?’

‘मग कुणाची? सगळ्यांना सांगितलंय, माझी बहीण येतेय.’

‘ओल्या फडक्याने पुसलं?’

‘आधी कोरडं झटकलं, मग ओलं. नाहीतर चिखल नाही का होत? बघ, ग्रुपवर फोटोसुद्धा टाकलेत.’

तिने फोन दाखवला. पन्नासेक मुलं बाकांवर चढलेली, हात वर, तोंडं उघडी, गाणं म्हणत फडकी झटकताहेत. खिडकीतून ऊन आलेलं. उन्हात धुळीचा सुंदर पट्टा. खाली एकशे चौदा बदाम आणि दादासाहेबांचा शेरा: ‘संस्कार!’

‘फडकी कुठायत?’

‘घरून आणली होती ज्याची त्याने. घरी नेतील. आया धुतील.’

साहेब येणार म्हटल्यावर शाळा झाडायची, ही आपली रीत. सगळ्या महाराष्ट्रात आहे. तपासणीला डिपोटी यायचे तेव्हाही होती; आकाशातून परग्रहावरचे आले तर आपण आधी त्यांच्यासाठी अंगण झाडू. माझ्याइतका या रीतीचा तिरस्कार कुणी करत नसेल. आणि तरीही गेली सहा वर्षं मी झाडलेल्या शाळेत जाते, लखलखीत बाक तपासते आणि आकडा देते. शिसं नाहीसं होत नाही. ते जागा बदलतं. बाकावर नसेल तर फडक्यावर असेल, आणि फडक्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी हात असतो.

नमुना १६, १७, १८. आणखी तीन निष्पाप बाक. पास. छापील जागा अठराच. दादासाहेबांनी टाळी वाजवली.

‘झालं तर मग! मॅडम, आता नाश्ता.’

‘एकोणिसावी ओळ राहिली,’ मी म्हणाले. ‘इतर.’

‘इतर काय?’

‘मुलांचे हात.’

दादासाहेब मोठ्याने हसले. मग मी हसत नाही असं पाहून ते थांबले. ‘अहो, मुलं म्हणजे काय पृष्ठभाग आहेत का?’

मी नियमावलीचं पान चार उघडून वाचलं. ‘शाळेच्या आवारातील, विद्यार्थ्याचा हात लागू शकेल असा कोणताही पृष्ठभाग.’ एवढीच व्याख्या आहे. कुणीतरी घाईत लिहिली असणार. ‘एका पोराचा हात दुसऱ्याच्या हाताला लागतो, दादासाहेब. मधल्या सुट्टीत तर लागतोच लागतो.’

‘शब्दांचा कीस काढताय.’

‘तुम्ही भिंती पाडता, मी कीस काढते. ज्याचा त्याचा धंदा.’

‘शलाका!’ ताई ओरडली. मग सावरून म्हणाली, ‘बघू दे तिला. पोरांनी खिचडीआधी हात धुतलेत. बघ गं बाई, बघून घे. मनातला किडा जाऊ दे.’

पहिलीचा वर्ग. गेनूमामांनी खिडक्या लावल्या, दारावर सतरंजी टांगली. चौतीस मुलं जमिनीवर मांडी घालून बसली. अंधार झाल्याबरोबर त्यांनी आनंदाने किंकाळी फोडली. द्रावण कातडीला चालतं, बॅटरीच्या कारखान्यांत कामगारांच्या हातांवर ते रोज मारतात. ‘हात पुढे करा,’ ताई म्हणाली, ‘पाणी मारलं की गुदगुल्या होतील, हलायचं नाही.’ मी रांगेने फवारत गेले. चौतीस जोड्या तळहात, वर उघडे, प्रसादाला धरावेत तसे.

मग दिवा लावला.

याबद्दल काही कुत्सित लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं.

वर्गभर हिरवे हात होते. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांना, तळहातावरच्या रेषांत उजेड भरला होता. मुलं सगळी एकदम बोलायला लागली.

‘बाई, माझे बघा!’

‘बाई, ह्याचे कमी आलेत!’

‘हॅट, माझे जास्तायत!’

पहिल्या ओळीत स्वरांगी नावाची मुलगी होती, पुढचे दोन दात पडलेली. तिचे हात सगळ्यांत जास्त उजळले होते. ‘बाई, मी खालचे कोपरेपण पुसले होते,’ ती ताईला म्हणाली, ‘म्हणून मला जास्त मिळाले.’ आणि शाबासकीची वाट बघत तिने सवयीने अंगठा तोंडात घातला. काढला तेव्हा तिचे ओठ हिरवे होते.

ताईने पुढे होऊन तिचा हात धरला.

‘हात कशात धुतले होते?’ मी विचारलं.

‘बादलीत,’ गेनूमामा दाराशी म्हणाले. ‘एकाच. सगळ्यांनी बुडवून काढले.’

आम्ही व्हरांड्यात आलो. दादासाहेबांच्या अत्तराचा आता त्रास होत होता.

‘हे नोंदवायचं नाही,’ ते म्हणाले. आवाज खाली, अगदी शांत. ‘बघितलंत, ठीक. नोंदवायला पालकांची सही लागते. शाळेच्या वेळेत पालक म्हणजे मुख्याध्यापिका. मलाही नियम वाचता येतात, मॅडम. सोमवारी परत या. मी साबण पाठवतो, टॉवेल पाठवतो, हात कसे स्वच्छ करून देतो बघा. आणि अनुपमा मॅडम आज सही करणार नाहीत. काय मॅडम?’

त्यांचं बरोबर होतं. ताईची सही नसेल तर मुलांच्या हातांचा आकडा यंत्र घेतच नाही. माझ्याकडे अठरा आकडे होते, सगळे पास. ते पाठवले की गेटवरची पाटी हिरवी होणार. तोसुद्धा हिरवाच रंग.

‘ताई,’ मी म्हणाले.

ती खाली मैदानाकडे बघत होती. तिथे चौथीच्या मुली लंगडी खेळत होत्या.

‘सही नाही करणार मी,’ ती म्हणाली.

दादासाहेबांनी सुस्कारा सोडला. मी यंत्र बंद करायला घेतलं. तिच्यावर ओरडावं असं वाटलं, आणि मला पाढे शिकवणारीवर मला ओरडता येईना.

‘दोनशे बारा आयांना न विचारता त्यांच्या लेकरांच्या नावावर मी काही लिहू देणार नाही,’ ताई पुढे म्हणाली. ‘त्यांना बोलावीन, दाखवीन, मग त्या ठरवतील. पण मोठ्या माणसाला पालकाची सही लागते का गं?’

‘नाही.’

‘मग माझा घे.’ तिने उजवा हात पुढे केला. ‘पहिलं फडकं मीच मारलं. कसं झटकायचं ते पोरांना दाखवायला नको?’

‘अनुपमा मॅडम,’ दादासाहेब म्हणाले, ‘विचार करा.’

‘करतेय. पहिल्यांदाच करतेय.’

आम्ही परत सतरंजीआड गेलो. मी तिच्या तळहातावर फवारा मारला. तो हात मी आयुष्यभर ओळखते. मधल्या बोटावर खडूने पडलेला घट्टा आहे. तो घट्टा सगळ्यांत जास्त चमकला. स्वरांगीने पुढे वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘बाई पहिल्या आल्या.’

नमुना १९. इतर: मुख्याध्यापिकेचा उजवा तळहात. वाचन: ६११. नापास.

आठ सेकंद. गेटवरची पाटी लाल झाली. लंगडी थांबली. व्हरांड्यात गेनूमामांचा फोन वाजला, त्यांची नात दुसरीत आहे. मग दादासाहेबांचा वाजला, आणि वाजतच राहिला.

‘हे टिकणार नाही,’ ते म्हणाले. ‘मी वरपर्यंत जाईन. शिक्षिकेचा हात हा काही शाळेचा पृष्ठभाग नव्हे.’

‘नऊ वर्षं तुम्ही शाळेचाच समजत होता,’ ताई म्हणाली.

ते गेले. जाताना त्यांनी, येतानाही धरला होता तसाच, फाटकाच्या कडीला रुमाल धरून हात लावला. म्हणजे इतके दिवस त्यांना सगळं माहीत होतं. एरवी इतक्या स्वच्छ कडीला कोण रुमाल धरतं?

ताईने बादली पालथी केली. नळाखाली रांग लावली, वाहतं पाणी, साबण, एकेका पोराचे हात स्वतः धरून, नखांतून ब्रश फिरवून. फडकी गोळा करून गोणीत भरायला गेनूमामांना सांगितलं. एक मुलगी फडकं द्यायला तयार नव्हती, आई मारेल म्हणत होती. ताईने तिला आपल्या टेबलावरचा टॉवेल दिला, मग लक्षात येऊन तोही काढून घेतला आणि गोणीत टाकला.

मी बाजूला उभी होते. उद्या टाळं लागणार होतं. परवा आया येणार होत्या, आणि त्यांतल्या अर्ध्या तिलाच शिव्या देणार होत्या. श्रमदानाचा फोटो तिनेच टाकला होता ना.

‘ताई, रागावलीस?’

‘हो.’

ती साबण चोळत राहिली. तीन मुलं झाली, चार झाली.

‘सहा वर्षांत किती शाळा पास केल्यास तू?’

‘एकशे सदतीस.’

‘सगळ्यांना सात दिवस आधी कळवलं होतंस?’

‘तसा नियम आहे.’

‘कुठल्या एका तरी पोराचा हात बघितलास?’

मी पाढा विसरल्यावर ती जशी बघायची, तशी आता माझ्याकडे बघत होती. तिच्या ओल्या हातात स्वरांगीचा हात होता.

‘मग इथे काय उभी आहेस?’ ती म्हणाली.